लेकींची यादी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ वेळापूरची ही व्याख्यानमाला चालते, त्यांचं आयुष्य मुलांच्या हजेरीपटासमोर गेलं. म्हणून आज मी हजेरीपटाबद्दलच बोलणार आहे. पटावरून गळालेल्या नावांबद्दल, आणि त्यातही मुलींच्या नावांबद्दल. पाचवीत होती, सातवीत होती, नववीच्या सहामाहीलाही होती, आणि मग नाही. कुठे गेली? वर्गातल्या सगळ्यांना माहीत असतं. बाईंना माहीत असतं, बाकावरच्या मैत्रिणीला माहीत असतं. कागदावर मात्र ते कुठेच नसतं.

बालविवाह वाईट आहे हे सांगायला मी आलेलो नाही. हे वेळापूरला सांगायची गरज नाही. या सभागृहात कोणालाही विचारा, हात वर करून विरोधच सांगेल. माझा प्रश्न तिथूनच सुरू होतो. सगळे विरोधात आहेत, तर लग्नं लावतं कोण? मांडवात अक्षता टाकायला जातं कोण? मत एक आणि वागणं दुसरं, या दोहोंमधल्या जागेत अभ्यास करायचा असतो. असा अभ्यास गावाने स्वतः उभा करावा, आणि तो कसा उभा करायचा, एवढंच आज बोलायचं आहे.

आधी आकड्याकडे या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, वीस ते चोवीस वर्षांच्या ज्या स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालं होतं, त्यांचं महाराष्ट्रातलं प्रमाण २१.९ टक्के निघालं. आपल्या सोलापूर जिल्ह्यात ते सुमारे ४० टक्के. राज्याच्या जवळजवळ दुप्पट. हा आकडा आला तेव्हा वर्तमानपत्रांत ठळक बातम्या झाल्या, बैठका झाल्या, शपथा झाल्या. ते योग्यच झालं. पण हा आकडा नेमकं काय सांगतो, हे थांबून कोणी पाहिलं का?

बघा. महाराष्ट्रातली घरोघरची विचारपूस २०१९ च्या उत्तरार्धात झाली, म्हणजे टाळेबंदीच्याही आधी. विचारलं कोणाला? वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांना. त्यांचं अठरावं वर्ष साधारण २०१३ ते २०१७ या काळात सरलं. म्हणजे या आकड्यातलं प्रत्येक लग्न त्याहून जुनं आहे. आज वेळापुरात नववीत बसलेल्या मुलीबद्दल हा आकडा बोलत नाही. तिच्या आत्याबद्दल, मावशीबद्दल बोलतो.

दुसरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. पाहणी करणारी बाई दारात येते आणि घरात त्या दिवशी जी स्त्री राहते तिला विचारते. घरात कोण राहते? सून. लेक तर गेली. सोलापूर जिल्ह्याच्या आकड्यात आपल्याकडे आलेल्या सुना आहेत, त्यांतल्या कित्येक शेजारच्या जिल्ह्यांतून आलेल्या. आणि आपल्या ज्या लेकी सांगलीला, साताऱ्याला, पुण्याला, धाराशिवला गेल्या, त्या तिकडच्या आकड्यात मोजल्या गेल्या. देशाचा, राज्याचा अंदाज बांधायला ही पद्धत चांगली आहे, तिच्यात खोट नाही. पण गावाला जर आपल्या लेकींची काळजी असेल, तर सुना मोजून लेकींचं कसं कळणार? जिल्ह्याचा आकडा वेळापूरचा आकडा नसतो. खुडूसचा नसतो, पिलीवचा नसतो. तो आपला आपल्याला काढावा लागतो.

कसा काढायचा? इथे मी सविस्तर बोलणार आहे, कारण सगळा डोलारा यावर उभा राहतो.

शाळेत जनरल रजिस्टर असतं. त्यात नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख आणि दाखला नेल्याची तारीख असते. मुख्याध्यापकांच्या परवानगीने एकच वर्ष घ्या, समजा २०१५-१६. त्या वर्षी गावातल्या आणि वाड्या-वस्त्यांवरच्या सगळ्या शाळांत पाचवीच्या पटावर असलेल्या प्रत्येक मुलीचं नाव लिहा. प्रत्येक मुलीचं. हुशार मुलींचं वेगळं नाही, आपल्या ओळखीतल्यांचं आधी नाही. या मुली आता अठरा ओलांडून गेल्या आहेत. मग एकेका नावापुढे लिहायचं: दहावी झाली का? शाळा कधी सुटली? लग्न झालं का? कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी? पहिलं बाळ कधी झालं? मुलगी आज नांदायला कुठेही असो, ती आपल्या यादीतून जात नाही. लग्न मामाच्या गावी लागलं, देवस्थानात लागलं, पत्रिका न छापता चार माणसांत लागलं, तरी ती यादीत राहते. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची मुलं जर त्या वर्षी इथल्या पटावर असतील, तर त्यांचीही नावं घ्यायची. ती शोधणं अवघड आहे म्हणून ती वगळली, तर ज्यांना धोका सर्वांत जास्त तीच नावं गळतील आणि आकडा आपोआप सुंदर दिसू लागेल.

वय कोणतं खरं धरायचं? शाळेच्या दाखल्यावरचं. दवाखान्याच्या कार्डावरचं सांभाळून घ्यायचं. याचं कारण माहीत असणाऱ्यांना माहीत आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कार ठरवला. निर्णय मुलींच्या बाजूचा आहे, त्याच्याबद्दल दुमत नाही. पण गरोदर मुलीचं वय सतरा सांगितलं तर प्रकरण पोलिसांत जाईल, हे आता घरोघरी माहीत झालं आहे. म्हणून सतराची एकोणीस होते. आशाताईच्या नोंदवहीत, अंगणवाडीच्या नोंदीत, प्रसूतीच्या कागदावर. एक कागद दुसऱ्याशी ताडून पाहिल्याशिवाय कोणत्याही वयावर विश्वास ठेवू नका.

लोकांनी स्वतः मोजल्याने काय होतं, याचं उदाहरण याच राज्यात आहे. २००१ साली ‘कोवळी पानगळ’ नावाचा अहवाल प्रसिद्ध झाला. डॉ. अभय बंग आणि वेगवेगळ्या भागांतल्या स्वयंसेवी संस्थांनी गावागावांत बालमृत्यूंची नोंद स्वतः ठेवली होती, आणि सरकारी कागदावरचे बालमृत्यू प्रत्यक्षापेक्षा फार कमी आहेत हे त्यातून उघड झालं. वाद झाला, विधानसभेपर्यंत गेला. मोजणी पक्की असल्यामुळे तो टाळता आला नाही. नोंद नसती तर नुसता आरोप राहिला असता.

आता दुसरा मुद्दा. आकडा मिळाला, तर कारण कसं मिळवायचं?

आपल्याकडची जुनी खोड अशी की कारण विचारायचं ते मोठ्या माणसांना. १८८४ साली बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवर टिपणं काढून देशभरातल्या मान्यवरांकडे आणि अधिकाऱ्यांकडे पाठवली, मतं मागवली. मोठी चळवळ त्यातून उभी राहिली, त्याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. पण मतं आली कोणाची? न्यायाधीशांची, शास्त्र्यांची, संपादकांची. जिचं लग्न अकराव्या वर्षी लागलं होतं ती रखमाबाई त्याच सुमारास मुंबईत नवऱ्याने घातलेला खटला लढत होती. १८८५ साली तिने ‘एक हिंदू स्त्री’ एवढ्याच सहीने वर्तमानपत्राला पत्रं लिहिली, तेव्हा कुठे आतली बाजू लोकांना वाचायला मिळाली. पुढे ती डॉक्टर झाली. सव्वाशेहून जास्त वर्षं लोटली. आजही बैठकीला सरपंच असतात, तंटामुक्ती समिती असते, साहेब असतात. जिचं लग्न झालं तिला कोण विचारतं?

आणि विचारायचं तर काय विचारायचं? “बालविवाह योग्य आहे का?” असा प्रश्न छापील फॉर्मवर असेल तर तो फॉर्म घरीच ठेवा. त्याला एकच उत्तर येतं, आणि ते खोटं नसतं, निरुपयोगी असतं. मत विचारू नका. दिवस विचारा. ज्या दिवशी लग्न ठरलं तो दिवस. स्थळ पहिल्यांदा कोणी आणलं? मामाने, आत्याने, की मध्यस्थाने? त्या महिन्यात घरात काय चाललं होतं? पाण्याची पाळी चुकली होती का, ऊस गेला होता का, उचल घेतली होती का? थोरलीचं लग्न काढलं म्हणून त्याच मांडवात धाकटीचंही उरकलं का? मुलगी त्या वेळी शाळेत जात होती, की आधीच घरी बसली होती? एसटी बंद झाली होती का? रस्त्यात कोणी छेड काढली होती का? पहिला होकार कोणाचा, आणि नको म्हणणारं घरात कोणी होतं का? तिचं म्हणणं मग कोणी खोडलं?

असं दिवसावर बोट ठेवून विचारलं की माणसं बोलतात. आणि दिसायला लागतं की ‘बालविवाह’ नावाचा एक प्रश्न नाही. खर्च वाचवण्यासाठी धाकटीला थोरलीच्या मांडवात बसवणारं घर वेगळं. मुलगी कोणाबरोबर जाईल या भीतीने घाई करणारं घर वेगळं. सहा महिने कारखान्यावर जाताना वयात आलेली पोर कोणाच्या भरवशावर ठेवायची, हा प्रश्न असलेलं घर तर अगदीच वेगळं. शेवटच्या घराला व्याख्यान देऊन काय होणार? त्याला वसतिगृह हवं. पहिल्याला ते वसतिगृह नको आहे.

दिवसाबरोबर आणखी एक गोष्ट विचारायची, आणि ती मला अतिशय महत्त्वाची वाटते. “तुम्हाला स्वतःला काय वाटतं?” आणि लगेच, “गावातल्या दहा घरांपैकी किती जणांना असंच वाटत असेल?” सौदी अरेबियात रियाध शहरात तरुण नवऱ्यांबाबत असा अभ्यास झाला. बायकोने घराबाहेर नोकरी करावी का? बहुतेकांचं स्वतःचं उत्तर हो होतं. पण बाकीच्या पुरुषांना हे पसंत नसेल, असं ते धरून चालले होते. त्यांतल्या काहींना खरा आकडा सांगितला गेला, आणि त्यांच्या घरच्या बायका पुढे नोकरी शोधायला जास्त संख्येने बाहेर पडल्या. आपल्याकडे असंच आहे का? मला ठाऊक करून घ्यायचं आहे. प्रत्येक बाप मनातून थांबायला तयार आहे आणि भावकी काय म्हणेल म्हणून थांबत नाही, असं निघालं तर? मग शिक्षा आणि दंडाच्या फलकांपेक्षा तो एक आकडा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहिणं जास्त कामाला येईल. आणि तसं नाही निघालं, लोक मनातूनच लवकर लग्नाच्या बाजूचे आहेत असं निघालं, तर तेही कळलेलं बरं. मग उपाय दुसरा.

उपायांकडे वळतो. इथे लोक म्हणतात, उपाय तर ठाऊक आहेत, अभ्यास कशाला? मी तीन उदाहरणं देतो.

हरयाणात १९९४ मध्ये ‘अपनी बेटी अपना धन’ ही योजना आली. मुलीच्या नावे सरकारने पैसे गुंतवायचे, अठरा वर्षांपर्यंत लग्न झालं नाही तर पंचवीस हजार मिळायचे. अठरा वर्षांनी त्या मुली मोठ्या झाल्या तेव्हा संशोधकांनी पाहिलं, तर लग्न पुढे ढकलण्यात योजनेचा भरवसा वाटावा असा परिणाम सापडला नाही. कित्येक घरांनी तो पैसा लग्नखर्चाचा पैसा म्हणूनच पाहिला होता. आपल्याकडे २०२३ पासून ‘लेक लाडकी’ योजना आहे. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या घरांतल्या मुलींना टप्प्याटप्प्याने एक लाख एक हजार रुपये, त्यांतले पंच्याहत्तर हजार अठराव्या वर्षी. योजना मला हवी आहे. म्हणूनच विचारतो: ते पंच्याहत्तर हजार कॉलेजची फी होणार की मांडवाचा खर्च? हे आतापासून पाहायला कोणी बसलं आहे का?

दुसरं उदाहरण बांगलादेशाचं. तिथे ४६० वस्त्यांत दोन गोष्टी तपासल्या. काही ठिकाणी मुलींसाठी वर्ग, काही ठिकाणी मुलगी अविवाहित असेपर्यंत घराला दर चार महिन्यांनी खाद्यतेल. तेलाने बालविवाह सुमारे पाचव्या हिश्शाने कमी झाले. वर्गांनी मुलींच्या शिक्षणात फरक पडला, पण लग्नाचं वय हललं नाही.

आणि तिसरं आपल्या मराठवाड्यातलं. पैठण तालुक्यातलं पाचोड. डॉ. अशोक दयाळचंद यांच्या आरोग्य संस्थेने तिथे किशोरवयीन मुलींसाठी वर्ग चालवले. रोज एक तास, आठवड्यातून पाच दिवस, वर्षभर. तिथे काय झालं? १९९७ ते २००१ या काळात त्या गावांत मुलींच्या लग्नाचं मध्यांकी वय सोळावरून सतरावर गेलं. एकूण लग्नांत अठराच्या आतल्या मुलींच्या लग्नांचं प्रमाण सुमारे ८० टक्क्यांवरून ६२ टक्क्यांवर आलं. तुलनेच्या गावांत तसा बदल दिसला नाही.

पाहिलंत? वर्ग बांगलादेशात चालले नाहीत, पाचोडला चालले. मग वेळापूरला काय चालेल? पुण्यात बसून मी सांगू शकत नाही. मुंबईत बसून मंत्रालय सांगू शकत नाही. पाचोडच्या वर्गात रोजचा एक तास होता, मुली संध्याकाळी एकत्र येत होत्या, गाव त्यांना येता-जाता पाहत होतं. त्यातलं काय लागू पडलं, पाठ की ते रोजचं घराबाहेर पडणं, हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

करून पाहायचं म्हणजे तुलना आली. समजा वेळापुरात वर्ग सुरू केले आणि पाच वर्षांत लग्नाचं वय वाढलं. कशामुळे वाढलं? वर्गांमुळे, की मोबाइलमुळे, की मुलांनाच मुली मिळेनाशा झाल्या म्हणून? एकट्या गावाला हे कधीच सांगता येणार नाही. शिवाय एका गावात एका वर्षी अठरा पूर्ण करणाऱ्या मुली किती? चार लग्नं इकडची तिकडे झाली की टक्केवारी उलटते. त्यासाठी गावं हवीत, पुष्कळ हवीत. माळशिरस तालुक्यात शंभरावर गावं आहेत. त्यांतली तयार असतील ती घ्या आणि कोणत्या गावात या वर्षी, कोणत्या गावात दोन वर्षांनी, हे ईश्वरचिठ्ठीने ठरवा. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत समान मतं पडली की लहान मुलाच्या हाताने चिठ्ठी काढतात, तशीच. ज्या गावचा सरपंच उत्साही त्याच गावात आधी कार्यक्रम दिला, तर फरक कार्यक्रमाचा की सरपंचाचा, हे कसं कळेल? चिठ्ठीत आमदाराचं गाव आणि कोपऱ्यातली वाडी सारखी. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने नवजात बाळांच्या घरच्या काळजीचा प्रयोग केला, तेव्हा ३९ गावांत ही सेवा दिली आणि ४७ गावं तुलनेसाठी होती. तुलनेची गावं होती म्हणूनच जगाला त्या निष्कर्षावर विश्वास ठेवावा लागला आणि गडचिरोलीच्या आरोग्यदूत बाईंचं काम देशाच्या धोरणात गेलं.

यावर नेहमी एक आक्षेप येतो. “निम्म्या गावांना मुद्दाम थांबवून ठेवायचं? हा अन्याय नाही का?” आक्षेप गंभीर आहे. माझं उत्तर असं. शिक्षिका, पैसा, जागा एकाच वर्षी शंभर गावांना पुरत नाही, कोणाला तरी थांबावंच लागतं. आज थांबणारं गाव वशिला नसल्यामुळे थांबतं. चिठ्ठीने थांबणाऱ्याला निदान आपली पाळी कधी येणार ते ठाऊक असतं. मात्र कायद्याचं संरक्षण, १०९८ ही मदतवाहिनी, शाळा, सायकली यांतलं काहीही तुलनेच्या गावात कमी करायचं नाही. आधीपासून जे मिळतं ते मिळतच राहिलं पाहिजे.

आता सर्वांत नाजूक भाग. समजा आपली कार्यकर्ती एका घरात प्रश्न विचारत बसली आहे, आणि बोलता बोलता आई म्हणते, “पुढच्या महिन्यात धाकटीचं आहे, दहावीत आहे ती.” काय करायचं? फॉर्म पुढे भरायचा? गुप्ततेचं वचन दिलं आहे म्हणून गप्प बसायचं?

माझं मत स्पष्ट आहे. त्या क्षणी अभ्यास थांबतो. माहिती वाया गेली तर जाऊ द्या. २००६ च्या कायद्याखाली आपल्या राज्यात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे, त्याला कळवायचं, १०९८ ला कळवायचं. आणि हे आपण करणार आहोत, हे प्रश्न सुरू करण्याआधी त्या घराला तोंडावर सांगायचं. काही घरं मग बोलणार नाहीत. चालेल. फसवून काढलेल्या उत्तरावर गावाचं भलं उभं करता येत नाही. म्हणून माझी सूचना अशी की मुलाखती झालेल्या लग्नांच्याच घ्याव्यात, आज अठरा पूर्ण केलेल्या स्त्रियांच्या घ्याव्यात, आणि सासूसमोर घेऊ नयेत. विचारणारी बाई गावातली असू नये, शेजारच्या तालुक्यातली असावी. आपल्याच गल्लीतल्या बाईला कोण सांगेल? अठराखालच्या मुलीशी बोलायचं असेल तर पालकांची संमती आणि तिची स्वतःची संमती दोन्ही हव्यात, आणि तिने नको म्हटलं तर पालकांची संमती असूनही नको. आराखडा पूर्ण झाला की तो एखाद्या नैतिकता समितीकडून तपासून घ्यायचा. जिल्ह्यात पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाचं विद्यापीठ आहे, समाजकार्य आणि समाजशास्त्र शिकणारी मुलं आहेत. त्यांच्या अभ्यासक्रमात प्रकल्प असतोच. तो प्रकल्प वेळापूरच्या कामाचा का असू नये?

यादीतली नावं कुलूपबंद ठेवायची. फॉर्मवर नाव नाही, क्रमांक. क्रमांक आणि नाव जोडणारी वही एकीकडे, एकाच माणसाकडे. एका मुलीची गोष्ट चावडीवर पोहोचली तर पुढची शंभर दारं बंद होतील, आणि त्या एकीचं नांदणं अवघड होईल.

शेवटी, निष्कर्ष आले की ते कोणापुढे ठेवायचे? आजवरची रीत अशी की अहवाल जिल्ह्याला जातो, तिथून पुढे जातो, आणि ज्यांनी उत्तरं दिली त्यांना त्याचं एक पानही दिसत नाही. आपल्या राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घेण्याची तरतूद आहे. पुष्कळ गावांत ती सह्यांपुरती होते. अहवाल पहिल्यांदा तिथे वाचा. मोठ्याने वाचा, सोप्या मराठीत वाचा, किती मुली, कोणत्या वर्षी, कोणत्या कारणाने. बायका म्हणतील, हे कारण चुकीचं धरलंय, खरं कारण दुसरंच आहे. ते लिहून घ्या आणि अहवाल दुरुस्त करा. मग मोठ्या ग्रामसभेत न्या. या वेळापुरात आषाढात माउलींची पालखी मुक्कामाला येते आणि गाव एका रात्रीत लाखोंच्या पाण्याची, जेवणाची, निवाऱ्याची व्यवस्था लावतं. कोणाच्या दारात कोणती दिंडी, कोणाच्या विहिरीवर कोण, सगळं माणसांच्या तोंडी पाठ असतं. ते गाव एका वर्षाच्या पाचवीच्या पटावरल्या मुली शोधू शकत नाही, हे मी मानत नाही.

यादी करायला उन्हाळ्याची सुट्टी बरी. लेकी माहेरी आलेल्या असतात.